२६९ विरुद्ध २७० : एका मतदानाची उलटतपासणी

१७ एप्रिल १९९९, शनिवार. बाराव्या लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारवरच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मते पडली, विरोधात २७०. तेरा महिन्यांचे सरकार गेले. तेव्हापासून या दिवसाचा विषय निघाला की एकच नाव पुढे येते : गिरिधर गमांग. दोन महिन्यांपूर्वी, १७ फेब्रुवारीला, ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले, पण कोरापूटची खासदारकी न सोडलेले गमांग दिल्लीत आले, विरोधात मत दिले आणि सरकार पडले, अशी ती गोष्ट. चुकीची नाही, पण फार सोयीची आहे. एका मताने हरलेल्या ठरावात विरोधातले प्रत्येक मत हे ‘ते एक मत’ असते. २७० जणांपैकी गमांगच का, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. सरकारची मोजणी नेमकी कुठे घसरली, तेही या गोष्टीतून कळत नाही.

ठराव कोणी मांडायचा

१४ एप्रिलला जयललितांच्या अण्णाद्रमुकने राष्ट्रपती के. आर. नारायणन यांना पाठिंबा काढल्याचे पत्र दिले. पक्षाचे १८ खासदार होते. नौदलप्रमुखपदावरून हटवलेले विष्णू भागवत, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस, तामिळनाडूतले करुणानिधी सरकार असा मागण्यांचा लांबलचक हिशेब त्यामागे होता. तो सर्वज्ञात आहे. राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना सभागृहात बहुमत दाखवायला सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, वाजपेयींनी एका ओळीचा ठराव मांडला : हे सभागृह मंत्रिमंडळावर विश्वास व्यक्त करते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका ओळीवर ठरल्या. लोकसभेच्या नियमावलीत ‘अविश्वास ठराव’ आहे, नियम १९८. त्याची सूचना सकाळी दहाच्या आत द्यावी लागते. सभागृहात किमान ५० सदस्य उभे राहिले तरच तो दाखल होतो, आणि दाखल झाल्यापासून दहा दिवसांच्या आत चर्चेला घ्यावा लागतो. ‘विश्वास ठराव’ असा मात्र वेगळा नियमच नाही. तो नियम १८४ खाली, सार्वजनिक महत्त्वाच्या कुठल्याही सामान्य प्रस्तावासारखा येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे एवढेच म्हटले आहे. ती जबाबदारी कोणत्या ठरावाने तपासायची, हे तिथे लिहिलेले नाही. बाकी सगळी प्रथा.

फरक किरकोळ वाटतो, पण निसटत्या संख्येत तो जीवघेणा ठरतो. अविश्वास ठरावात बहुमत जमवण्याचे ओझे विरोधकांवर असते. विश्वास ठरावात ते सरकारच्या डोक्यावर येते. समसमान मते पडली तर (अध्यक्षांचे निर्णायक मत पडण्याआधीच्या हिशेबात) अविश्वास ठराव मंजूर होत नाही आणि सरकार राहते. पण समसमान मते पडली तर विश्वास ठरावही मंजूर होत नाही, आणि सरकार अडकते. लोकसभेच्या इतिहासात अविश्वास ठरावावर मत पडून एकही सरकार गेलेले नाही. १९७९ च्या जुलैत विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंविरुद्ध आणलेला ठराव सगळ्यात परिणामकारक म्हणायचा, कारण मोरारजींनी मतदानाआधीच राजीनामा दिला. विश्वास ठरावावर मात्र सरकारे पडली आहेत : ७ नोव्हेंबर १९९० ला व्ही. पी. सिंह (१४२ विरुद्ध ३४६), ११ एप्रिल १९९७ ला देवेगौडा (१५८ विरुद्ध २९२). म्हणजे वाजपेयी ज्या दारातून आत गेले, तिथून जिवंत परतण्याचा इतिहास तेव्हा फारसा चांगला नव्हता. राष्ट्रपतींनीच सांगितल्यावर दुसरे दार उरलेही नव्हते म्हणा.

कागदावरचा तुटवडा

२८ मार्च १९९८ ला याच सरकारने विश्वास ठराव २७४ विरुद्ध २६१ असा जिंकला होता. फरक १३. आता १८ जण एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला गेले तर फरक १८ ने बदलत नाही, ३६ ने बदलतो. बाकी काहीच हलले नसते, तर आकडा २५६ विरुद्ध २७९ झाला असता, म्हणजे २३ चा तुटवडा. प्रत्यक्षात तुटवडा १ वर आला. मधल्या काळात पोटनिवडणुका वगैरे झाल्याने हे गणित तंतोतंत धरू नये, पण अंदाजापुरते पुरेसे आहे : सत्ताधाऱ्यांच्या संख्या-व्यवस्थापकांनी तीन दिवसांत बावीसेक मतांचे अंतर कापले. हे काम हलके नव्हते. जयललिता गेल्या म्हणताच त्यांचा वैरी द्रमुक ६ खासदारांसह सरकारकडे आला. विरोधातली ६ मते बाजूने आली की फरक १२ ने भरतो. जयललितांच्याच आघाडीतून निवडून आलेले पीएमके, एमडीएमके हे छोटे पक्षही त्यांच्याबरोबर गेले नाहीत, सरकारजवळच राहिले.

इथे महाराष्ट्राचा हिशेब मांडायलाच हवा, कारण दिल्लीतल्या गोष्टीत तो कधी येत नाही. १९९६ ला राज्यातल्या ४८ पैकी ३३ जागा सेना-भाजप युतीकडे होत्या (भाजप १८, सेना १५). १९९८ ला त्या १० वर आल्या : सेना ६, भाजप ४. काँग्रेसला ३३ मिळाल्या, रिपब्लिकन पक्षाला ४, शेकापला १. रिपब्लिकन ऐक्याचे चारही खासदार, म्हणजे प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे, खुल्या मतदारसंघांतून निवडून आले होते. ही मोट बांधणारे शरद पवार १९९९ च्या एप्रिलमध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेत्याच्या बाकावर होते. युतीच्या २३ जागा कमी झाल्या त्या इथे. त्यातली एखादी जरी उरली असती तरी गमांग हे नाव आज ओरिसाबाहेर किती जणांना माहीत असते, कोण जाणे.

आणखी एक बारीक खर्च आहे. तेलुगू देसमचे १२ खासदार. त्यांचा पाठिंबा मिळवताना १९९८ च्या मार्चमध्ये त्यांचे जी. एम. सी. बालयोगी लोकसभेचे अध्यक्ष झाले. अनुच्छेद १००(१) प्रमाणे अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत. पाठिंबा १२ चा आणि बटणे दाबणारे हात ११. तगडे बहुमत असेल तर हे लक्षातही येत नाही.

तसाच प्रकार राज्यसभेतल्या मंत्र्यांचा. प्रमोद महाजन १९९८ ला ईशान्य मुंबईतून गुरुदास कामतांकडून हरले आणि राज्यसभेतून मंत्री झाले. अनुच्छेद ८८ मुळे असा मंत्री लोकसभेत बसू शकतो, बोलू शकतो, पण मत देऊ शकत नाही. बाकांवर बसलेली डोकी मोजणाऱ्याने ही डोकी वजा करायची असतात.

मतविभाजन कसे होते

चर्चा तीन दिवस चालली. अशा चर्चेत कामकाज सल्लागार समिती एकूण तास ठरवते आणि ते पक्षांच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटले जातात. मोठ्या पक्षांना तास मिळतात, एकट्या-दुकट्या खासदाराला काही मिनिटे. भाषणांनी मते वळतात यावर अनुभवी संसदपटूंचा विश्वास नसतो. भाषण असते ते बाहेरच्यांसाठी, आणि १९९९ मध्ये ते बाहेरचे लोक दूरदर्शनवर थेट पाहत होते. मते वळतात ती मध्यंतरात, रात्री, फोनवर. लांबलेल्या चर्चेचा खरा उपयोग तोच : फोडण्याला आणि जोडण्याला रात्री मिळतात. कोणाला जास्त मिळाल्या, हे निकालावरून कळते.

चर्चा संपली की अध्यक्ष ठराव मताला टाकतात. आधी आवाजी मतदान. त्याला आव्हान मिळाले की ‘लॉबी मोकळी करा’ असा आदेश निघतो आणि साडेतीन मिनिटे घंटा वाजते. ग्रंथालयात, समितीच्या खोलीत, चहाच्या टेबलावर जो कोणी असेल त्याने तेवढ्यात आत यायचे. नंतर दारे बंद. उशिरा पोचलेला पंतप्रधान असला तरी बाहेरच.

मग यंत्र. प्रत्येक सदस्याने आपल्या ठरलेल्या जागेवरूनच मत द्यायचे असते. शेजारच्याच्या जागेवर बसून बटण दाबले तर मत शेजारच्याच्या क्रमांकावर पडते. एका हाताने मतदान सुरू करण्याची कळ दाबायची, त्याच वेळी दुसऱ्या हाताने हिरवे (होय), लाल (नाही) किंवा पिवळे (तटस्थ) बटण. पहिल्या ठोक्याला दोन्ही दाबायची आणि दहा सेकंदांनी दुसरा ठोका पडेपर्यंत सोडायची नाहीत. हे वाचायला सोपे आहे. सभागृहात गोंधळ चालू असताना, देशाच्या डोळ्यांसमोर, पहिल्यांदाच निवडून आलेल्या माणसाचा एक हात आधी सुटतो आणि मत नोंदलेच जात नाही. म्हणून चिठ्ठीची सोय आहे. बाजूच्या मतासाठी हिरव्या अक्षरांची, विरोधासाठी लाल अक्षरांची, तटस्थांसाठी पिवळी. तिच्यावर नाव, विभाजन क्रमांक (सभागृहातल्या आपल्या जागेचा क्रमांक), मतदारसंघ आणि सही करून कर्मचाऱ्याकडे द्यायची. यंत्राने दाखवलेला पहिला आकडा म्हणूनच ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो. दोनशेच्या फरकात या दुरुस्त्या कोणी पाहत नाही. एका मताच्या फरकात प्रत्येक चिठ्ठी निकाल असते.

त्या दिवशी एकूण ५३९ मते नोंदली गेली. पूर्ण सभागृह तेव्हा ५४५ चे. प्रॉक्सी नाही, टपाली मत नाही, आणि कॉमन्ससारखी (ब्रिटिश संसदेचे कनिष्ठ सभागृह) दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य वगळण्याची ‘जोडी’ पद्धतही आपल्याकडे नाही. अर्थात ती सगळी पद्धत असूनही २८ मार्च १९७९ ला पंतप्रधान कॅलाघन यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एकाच मताने पडले. मजूर पक्षाचे आजारी खासदार आल्फ्रेड ब्रॉटन यांना आणण्याचा धोका तेव्हा पक्षाने पत्करला नव्हता.

गमांग यांना मताचा अधिकार होता का?

होता. आणि हा ‘होता’ अंधूक नाही.

सत्ताधारी बाकांवरून हरकत आली : हे गृहस्थ एका राज्याचे मुख्यमंत्री आहेत, इथे मत कसे देतात? बालयोगींनी निर्णय गमांग यांच्या विवेकावर सोडला. अध्यक्ष कचरले, असे त्यावर नेहमी म्हटले जाते. अनुच्छेद एकेक करून पाहिले तर त्यांच्या हातात दुसरे फारसे काही नव्हते असे दिसते.

अनुच्छेद १०१(२) संसद आणि राज्य विधिमंडळ अशा दोन्हींचे सदस्य राहायला बंदी घालतो. त्याखालच्या १९५० च्या नियमांत चौदा दिवसांची मुदत आहे. पण गमांग विधानसभेचे सदस्यच नव्हते. सदस्य नसताना मंत्री होता येते, अनुच्छेद १६४(४) सहा महिन्यांची सवलत देतो. त्यातले दोनच सरले होते. मग लाभाचे पद? अनुच्छेद १०२(१) च्या स्पष्टीकरणात सरळ लिहिले आहे की केंद्राचा किंवा राज्याचा मंत्री आहे एवढ्यावरून कोणी लाभाचे पद धारण करतो असे मानायचे नाही. इथेच प्रश्न संपतो. तरी समजा शंका उरली, तर १०२(१) खालची अपात्रता ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद १०३ ने राष्ट्रपतींना दिला आहे, तोही निवडणूक आयोगाचे मत घेऊन. अध्यक्षांना तो नाही. घंटा वाजत असताना आसनावरून तो वापरणे तर दूरच. आणि अगदी उद्या कोणी अपात्र ठरला तरी? अनुच्छेद १०४ खाली दिवसाला ५०० रुपये दंड. अनुच्छेद १००(२) मात्र बजावतो की अधिकार नसलेल्या व्यक्तीने मत दिल्याचे नंतर उघड झाले तरी कामकाज वैधच राहते. म्हणजे गमांग यांचे मत बाद ठरवून सरकार परत आणण्याची वाट घटनाकारांनी आधीच बंद करून ठेवली होती.

औचित्याचा प्रश्न वेगळा, आणि तो खरा आहे. भुवनेश्वरात राज्य चालवणाऱ्याने दिल्लीतले सरकार पाडायला यावे हे अनेकांना खुपले, खुपायला हवेच. पण औचित्याच्या प्रश्नावर नियमाची पाटी लावून हरकतीचा मुद्दा उठवला की उत्तर हरकतीविरुद्धच जाते. पुढेही कायदा बदलला नाही. २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण राज्यसभेचे सदस्य असताना महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि नंतर विधान परिषदेत गेले. २०१७ च्या मार्चमध्ये योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री झाले ते लोकसभेचे सदस्य राहूनच, आणि ऑगस्टमधल्या उपराष्ट्रपती निवडणुकीपर्यंत ते सदस्यत्व होतेच.

बरे, गमांग आलेच नसते तर? २६९-२६९. सरकार वाचले असते असे इथे गृहीत धरले जाते, तेही घाईचे आहे. समसमान झाल्यावर अध्यक्षांनी निर्णायक मत ‘द्यावेच’ लागते, अनुच्छेद १००(१) मध्ये ऐच्छिक काही नाही. बालयोगींचा पक्ष सरकारच्या बाजूने होता. पण कॉमन्समधून आलेली जुनी प्रथा सांगते की सभागृहाने न दिलेले बहुमत अध्यक्षाने स्वतःच्या मताने निर्माण करू नये, आहे ती स्थिती राखावी. आता ‘आहे ती स्थिती’ म्हणजे काय? ठराव नामंजूर, की सरकार कायम? अविश्वास ठराव असता तर दोन्ही उत्तरे एकाच दिशेला गेली असती. विश्वास ठरावात ती एकमेकांविरुद्ध जातात. कोणतेही मत दिले असते तरी बालयोगींवर आयुष्यभर बोट ठेवले गेले असते.

तटस्थांची किंमत

सरकारची मोजणी घसरली ती इथे. बहुजन समाज पक्षाचे ५ खासदार तटस्थ राहणार, असे जाहीर झाले होते. उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतावर निकाल लागतो, त्यामुळे तटस्थ पाच म्हणजे विरोधकांच्या खात्यातून वजा पाच. तो आकडा धरला की निकाल २६९ विरुद्ध २६५ येतो, सरकार चारने सुरक्षित. १७ तारखेला मायावतींनी विरोधात मत देण्याचे ठरवले आणि पाचही मते लाल झाली.

तटस्थतेचे आश्वासन हे संख्या-व्यवस्थापनातले सगळ्यात कच्चे नाणे. बाजूने मत देईन म्हणणाऱ्याला उलटायचे असेल तर त्याला उघड दगा द्यावा लागतो, त्याची काही किंमत मोजावी लागते. तटस्थ राहीन म्हणणाऱ्याला शेवटच्या तासात विरोधात जायला फारसे काही लागत नाही, कारण त्याने तुमच्याशी सोयरीक कधी केलेलीच नसते. शिवाय व्हिप, म्हणजे पक्षादेश, त्याच्या पक्षाचा, तुमचा नव्हे. अशी मते मोजताना निम्मी तरी विरोधात धरायला हवीत. पाचातली तीन तशी धरली असती तर २६९-२६८ दिसले असते, आणि हातात आणखी दोन-तीन मते असल्याशिवाय मतदान घ्यायचे नाही एवढे तरी उमजले असते.

दुसरे मत सैफुद्दीन सोझ यांचे. नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूने, पण बारामुल्लाच्या सोझ यांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिले. पक्षाने त्यांना काढून टाकले. पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी दहाव्या अनुसूचीप्रमाणे जाऊ शकते, पण मत दिल्यानंतर. मत तिथल्या तिथे बाद होत नाही. शिक्षा उशिरा येते आणि फायदा लगेच मिळतो, ही पक्षांतरबंदी कायद्याची ढोबळ फट अशा दिवशी उघडी पडते. गमांग यांच्या मताने फरक एकने बदलला. सोझ यांच्या मताने दोनने, कारण ते मत बाजूने धरलेले होते. ते ठरल्याप्रमाणे पडले असते तर गमांग हजर असूनही निकाल २७०-२६९ असा सरकारकडे गेला असता. तरीही लोककथेत सोझ दुसऱ्या रांगेत आहेत.

पडल्यानंतर

वाजपेयींनी राजीनामा दिला, पण लोकसभा जिवंत होती आणि यशवंत सिन्हांनी २७ फेब्रुवारीला मांडलेल्या अर्थसंकल्पाची वित्तीय कामे अर्धवट होती. ती चर्चेविना मंजूर करून घेण्यात आली. देशाचा वर्षाचा खर्च इतक्या मुकाट्याने मंजूर होणे ही एरवी मोठी बातमी ठरली असती.

२१ एप्रिलला सोनिया गांधींनी राष्ट्रपतींना २७२ जणांचा पाठिंबा असल्याचे सांगितले. मुलायमसिंह यादवांच्या समाजवादी पक्षाने काँग्रेसच्या सरकारला साथ द्यायला नकार दिला आणि तो आकडा उभाच राहिला नाही. २७० जण ‘नाही’ म्हणायला एकत्र आले होते, ‘कोण’ या प्रश्नावर ते २७० नव्हते. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. मे महिन्यात पवारांना काँग्रेसमधून काढले गेले आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. मे महिन्यातच कारगिलची लढाई पेटली, ती काळजीवाहू सरकारने लढली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर १३ ऑक्टोबरला वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले.

याच मे महिन्यात विधी आयोगाचा १७० वा अहवाल आला. त्यात लोकसभेच्या नियमावलीत १९८-अ असा नवा नियम घालण्याची शिफारस होती : सरकारविरुद्ध अविश्वास आणणाऱ्याने पर्यायी नेत्याच्या नावाचा विश्वास ठरावही सोबत आणावा. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात, अनुच्छेद ६७ मध्ये, १९४९ पासून ही तरतूद आहे, आणि १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मूट श्मिट यांना हटवून हेल्मूट कोल याच मार्गाने चॅन्सेलर झाले. आपल्याकडे ती शिफारस नियमावलीत उतरली नाही. उतरली असती तरी १७ एप्रिलच्या ठरावाला ती लागू झाली असती का, हा प्रश्नच आहे, कारण तो अविश्वास ठराव नव्हता. पंतप्रधानांनी स्वतःच मांडलेल्या, नियम १८४ खालच्या एका ओळीला पर्यायी नावाची अट कशी लावायची, याचे उत्तर १९८-अ मध्ये मिळत नाही. राष्ट्रपतींनी ‘बहुमत सिद्ध करा’ म्हणायचे आणि सरकारने सामान्य प्रस्ताव मांडायचा, ही वहिवाट आजही तशीच आहे.